उंबरदऱ्याची पेटी आपल्याकडेच ठेवून घेण्याबाबत

प्रति,
मा. उपअभियंता,
डोंगरी सौर नळयोजना कक्ष,
ता. आंबेगाव, जि. पुणे.

विषय : उंबरदरा वाडीचा चालू नळ चालू राहू देण्याबाबत व बंद पेटी परत न पाठविण्याबाबत.
संदर्भ : आपली नोटीस, दि. १६ एप्रिल २०२५ (शासकीय सौरसंचात अनधिकृत फेरफार).

महोदय,

मी मोहिनी बहिरू केंगले, राहणार उंबरदरा वाडी. आयटीआयचा वायरमन कोर्स केला आहे व मंचरला मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात नऊ वर्षे काम केले आहे. नोटिशीत आपण मला 'तांत्रिक ज्ञान नसलेली महिला' म्हटले आहे, म्हणून हे आधी लिहिले.

१) विहिरीवरील पंपासाठी सौरसंच मंजूर झाला तेव्हा ग्रामसभेने चार्ज कंट्रोलर, इन्व्हर्टर व बॅटऱ्या सुट्या मागितल्या होत्या. कारण साधे आहे. एक वस्तू बिघडली तर तेवढीच बदलता येते, आणि पंप सुरू होताना जो झटका घेतो तो सोसेल असा मोठा इन्व्हर्टर निवडता येतो. आपण सर्व काही एकाच पेटीत असलेला संच पाठविला. ठरावावर आपला शेरा आहे : "ग्रामस्थांना एकापेक्षा अधिक वस्तू सांभाळता येणार नाहीत." पेटी वाईट असते असे माझे म्हणणे नाही. शहरातल्या बंगल्यात, जिथे फोन केला की संध्याकाळी माणूस येतो, तिथे ती चांगलीच. वायरी कमी, जागा कमी. परंतु आपल्या कक्षाचा माणूस आमच्याकडे यायला चौदा दिवस लागले.

२) पेटी १९ जानेवारीस बंद पडली. आतले इन्व्हर्टरचे कार्ड जळाले होते, बॅटरी व कंट्रोलर ठणठणीत होते. आपले तंत्रज्ञ म्हणाले, "ताई, ह्यातलं काय बी सुटं निघत न्हाई. आख्खी पेटी खाली न्यावी लागंल." चार गड्यांनी ती बांबूला बांधून डांबरीपर्यंत उतरवली व टेम्पोने आपल्या गोदामात पोहोचवली. गोदामपालांनी पोच दिली नाही. त्यांच्या नोंदवहीप्रमाणे पेटी डोंगरावर बसवलेली असल्याने ती गोदामात असू शकत नाही. सध्या ती तेथील ओट्यावर आहे व कर्मचारी तिच्यावर डबे ठेवून जेवतात.

३) छपरावर पॅनेल तापत होते आणि बाया दरीतल्या झऱ्यावरून हंडे आणत होत्या. माझ्या सासूबाई अंबाबाई, वय ७१, म्हणायच्या, "वर ऊन हाय, हिरीत पानी हाय, आन् मधी मी हंडा घेऊन." ११ मार्च रोजी त्या झऱ्याच्या उतारावर पडल्या. मांडीचे हाड मोडले. झोळी करून त्यांना खाली नेले. त्या अजून उभ्या राहिलेल्या नाहीत.

४) १४ मार्चचा आपल्या सहीचा पाहणी अहवाल मी माहिती अधिकारात मिळविला. "पेटी समाधानकारक चालू असून ग्रामस्थ आनंदी आहेत." त्या दिवशी पेटी आपल्याच ओट्यावर होती. आपण पाहणी कोठे केली हे कळविल्यास आम्हीही तेथे पाणी भरावयास येऊ.

५) सासूबाई पडल्यानंतर मी आपली वाट पाहिली नाही. महाळुंगे पडवळचे माझे जुने गिऱ्हाईक रामनाथ यांनी कांदाचाळीवरचा पडून असलेला मोठा इन्व्हर्टर दिला. कंट्रोलर व चार बॅटऱ्या बचत गटाने आणल्या. जोडणी मी केली. ३० मार्चला नळाला पाणी आले. मागच्या आठवड्यात कंट्रोलरचा फ्यूज गेला, तो मी अर्ध्या तासात बदलला. त्यासाठी कोणाचाही शेरा लागला नाही.

आता नोटिशीत आपण म्हणता, सात दिवसांत ही जोडणी काढा व मूळ पेटी चालू स्थितीत जागेवर दाखवा. महोदय, पेटी आपल्याकडे आहे. ती जळालेली आहे. हे दोन्ही आपल्या कर्मचाऱ्यांना जेवताना दिसते.

सासूबाईंना नोटीस वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "सायबाला म्हनावं, चूक झाली. पयल्याच दिशी जोडाया पायजे व्हतं." माझेही तेच मत आहे व ते मी लेखी देत आहे.

तरी नोटीस मागे घ्यावी, ही विनंती. ती मागे न घेतल्यासही जोडणी काढली जाणार नाही. आपणास ती स्वतः काढावयाची असल्यास जरूर यावे. डांबरीपासून पुढे दीड तासाचा चढ आहे. जोडणी सुटली की वाडीत पाणी राहणार नाही, तेव्हा परतीपुरते पाणी सोबत आणावे.

आपली, अर्जापुरती नम्र,
मोहिनी बहिरू केंगले
उंबरदरा वाडी, दि. २३ एप्रिल २०२५

सोबत : ग्रामसभा ठराव (आपल्या शेऱ्यासह), १४ मार्चचा पाहणी अहवाल, अंबाबाईंच्या मांडीचा एक्स-रे, ओट्यावरील पेटीचा फोटो (डब्यांसह).