सुधाच्या सीटचा पट्टा

मंगळवार, संध्याकाळ

मोडक्या गाड्या विकणाऱ्यांनो, भंगारवाला भाव पाडतो ही आपली सगळ्यांची तक्रार. आज त्याने भाव पाडला नाही, तरी माझा जीव थाऱ्यावर नाही. चिरगाँवजवळ धडक झाली तेव्हा बायकोला धरून ठेवणारा सीटचा पट्टा त्याने ओढून पाहिला.

"भाईसाहब, एकदम नया है. किसी की गाड़ी में लग जाएगा."

असा झटका खाल्लेला पट्टा पुन्हा धरेलच असं नाही, मी तावातावाने सांगितलं. तो हसला. "ग्राहक को थोड़े ही पता चलेगा."

सुधाच्या खांद्यावर त्या पट्ट्याचा वळ अजून आहे. पुढच्या बाईला तो धरेल का?

सुधा म्हणाली, "अहो, भाषण पुरे."

खरंच पुरे, मी स्वतःलाच बजावतो. उद्या तो गाडी न्यायला येण्याआधी कात्री घे आणि पट्टा कापून टाक.