साडेपाचची बॅच

१५ सप्टेंबर २००३, सोमवार

गणपती संपले. मंडळांना भाड्याने दिलेले स्पीकर परत येत आहेत. एकाची जाळी फाटलेली, दुसऱ्याच्या खोक्यात गुलाल. मालक म्हणाले, "पुढच्या वर्षी लवकर या, असं स्पीकरला कोणी म्हणत नाही. पुसा." सहाला सुटलो. बुधवार पेठेतून सायकल थेट कॉलेजच्या बास्केटबॉल कोर्टवर.

वॉचमन आता विचारत नाही, कुठल्या वर्षाला म्हणून. तिसरा सीझन आहे माझा. त्या कॉलेजचा काय, मी कुठल्याच कॉलेजचा नाही. वाशीमला बारावी अर्धी सोडली. टीमची पोरं ओळखतात. "आला रे वाशीम," म्हणतात. नाव अजून कोणी विचारलेलं नाही.

आज पाहिलं: इम्रान (पुढे नुसतं इ.) डाव्या हाताने चेंडू आपटत येतो आणि चेंडूकडे बघतच नाही. कोण कुठे पोचणार हे त्याला त्या माणसाच्या आधी कळतं. एस.वाय.ला आहे. प्रवीण नवीन, अमरावतीकडचा, उंचीला टीममध्ये सगळ्यांत जास्त. कोणाला कोपर लागलं की खेळ सोडून विचारतो, "लागलं काय भाऊ तुले?" सर म्हणाले, "वानखडे, विचारपूस मॅच झाल्यावर."

इ.चा पास आणि प्रवीणचे हात. दोन महिन्यांत ही जोडी

(ताईने जेवायला हाक मारली.)

१८ सप्टेंबर, गुरुवार

इ.च्या उजव्या हाताचं मधलं बोट सुजलं आहे. शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधून खेळला. कॅप्टन केतन कॅम्पस इंटरव्ह्यूहून थेट कोर्टवर आला, टाय लावून. टायसकट फ्री थ्रो टाकले, सगळे गेले. पोरं म्हणाली, आता काढूच नकोस. त्याला हिंजवडीत लागेल नोकरी. मग पुढच्या वर्षी कॅप्टन कोण? इ.च असायला हवा. मी का काळजी करतो कळत नाही.

सर पोरांना सांगत होते: फायनलपर्यंत गेलो तर विद्यापीठाच्या टीमसाठी निवडणारे बघायला येणार. इ.च्या जागेसाठी दुसऱ्या कॉलेजचा एक मुलगा त्यांच्या मनात आहेच. म्हणजे इ.ला फायनल हीच संधी. विद्यापीठाकडून खेळला तर पुढे रेल्वे, बँक, काहीही. 

२२ सप्टेंबर, सोमवार

झालं ते नीट लिहितो.

मालकांनी स्पीकरची खोकी घेऊन नाना पेठेत पाठवलं, रशीदचाचांकडे, नवीन रेक्झिन चढवायला. चाचांचं सोफ्याचं दुकान. आमचं काम तेच करतात, मी त्यांना दोन वर्षं ओळखतो. तोंडात बारीक खिळे धरून बोलतात, तरी शब्द स्पष्ट. मी खोकी उतरवत होतो तेवढ्यात एक जण डबा घेऊन आला. "अब्बा, डबा." तो इ. होता. मला बघून त्याचा चेहरा उतरला. ओळख न दाखवता गेला. मला वाटलं, लाजला.

मी म्हणालो, "चाचा, इम्रान तुमचा? काय खेळतो हो."

चाचांनी तोंडातले खिळे एकेक करून तळहातावर काढले.

"काय खेळतो?"

"बास्केटबॉल. रोज संध्याकाळी. मी बघायला असतो."

"बेटा, आमच्या हिशेबात तर साडेपाचला त्याची कंप्युटरची बॅच असते."

तिथेच थांबायला हवं होतं. थांबलोही. पण उशीर झाला होता. चाचा म्हणाले, "बोट सुजलं त्याचं. टायपिंग करून सुजलं म्हणाला. त्याची अम्मी रोज हळद लावते. म्हणते, या क्लासवाल्यांना दयामाया नाही, लेकराकडून किती टायपिंग करून घेतात." हसतील असं वाटलं. हसले नाहीत.

मग अगदी साधेपणाने विचारलं, मॅच कधी असते? मला अर्धं उत्तर देता येत नाही. सेमीफायनल येत्या शनिवारी, जिंकलो तर फायनल अकरा ऑक्टोबर, तोही शनिवार, साडेचार वाजता, त्याच कोर्टवर. निवडणारे येणार, हेही सांगितलं. म्हटलं, निदान अभिमान वाटेल.

"त्याला कळू देऊ नकोस मला कळलं म्हणून. माझा मुलगा आहे. तोच सांगेल." माझा हात हातात घेऊन वचन घेतलं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

कोर्टवर गेलो नाही. ताईने विचारलं, भाजी कशी झाली. मी म्हटलं, साडेचारला. भाऊजी फॅक्टरीतून आले होते, ते म्हणाले, "लोकांच्या पोरांचं तुला काय एवढं? तुझा बारावीचा फॉर्म भर म्हणून सांगतोय दोन वर्षं, त्याला साडेचार नाही वाजले कधी." बरोबर आहे त्यांचं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

इ.ने सायकल स्टँडवर गाठलं. एरवी माझ्याशी इतकं बोलत नाही.

"वाशीम, अब्बांना काही बोलला नाहीस ना?"

"काय बोलणार," म्हणालो. खोटं नाही हे. खरंही नाही.

त्याने आपणहून सांगितलं. क्लास तो करतो. सकाळी अकराच्या बॅचला बदलून घेतला आहे, कॉलेजचे तास बुडवून. "अब्बा क्लाससाठी राबतात. क्लास कसा बुडवू? म्हणून कॉलेज बुडवतो." म्हणजे घरच्यांच्या हिशेबात कॉलेज आणि क्लास, प्रत्यक्षात क्लास आणि कोर्ट. जावा शिकतोय, चांगलं येतं म्हणाला. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देणार नाहीत, ते वेगळंच.

मी म्हणालो, "घरी सांगून टाक ना."

"तू अब्बांना ओळखत नाहीस."

मी ओळखतो. कदाचित त्याच्यापेक्षा या आठवड्यात जास्त. पण वचन.

२७ सप्टेंबर, शनिवार

सेमी जिंकलो. आरामात. प्रवीणने दोन्ही हातांनी वरून टाकला, पहिल्यांदाच, आणि मग इतका घाबरला की परत धावायचं विसरला. इ. त्याला ढकलत घेऊन गेला. पोरं नाचत होती. मी गेटकडे बघत होतो, चाचा आलेत का. नव्हते.

६ ऑक्टोबर, सोमवार

काल दसरा. दुकानात पूजा, आज पुन्हा कामाची रीघ. खोकी आणायला नाना पेठेत. चाचांनी छान काम केलंय, कोपऱ्यांवर एक सुरकुती नाही.

पैसे वगैरे झाल्यावर म्हणाले, "शनिवारी साताऱ्याला सोफे पोचवायचेत. दिवाळीचं गिऱ्हाईक. इम्रानला पाठवतोय टेम्पोबरोबर."

"शनिवारी?"

"हां, शनिवारी. का, काही आहे का शनिवारी?" आणि माझ्याकडे बघत राहिले.

मग तेच म्हणाले, मुन्ना ड्रायव्हरला एकट्याला पाठवता आलं असतं, पण मुलाचं तोंड कसं उघडतं ते बघायचंय. "त्याला विचारलं, काही अडचण? नाही अब्बा. दोनदा विचारलं. नाही अब्बा."

"चाचा, त्याची संधी जाईल."

"एक वाक्य बोलायचंय त्याला. अब्बा, माझी मॅच आहे. एवढंच. बोलला की पाठवणार नाही. सोफे माझे आहेत, रविवारी जातील."

हा दिवस, ही वेळ, सगळं मीच सांगितलेलं. न विचारलेलं सुद्धा.

८ ऑक्टोबर, बुधवार

प्रॅक्टिसला इ.चं लक्ष नव्हतं. सोपा पास प्रवीणच्या छातीवर. प्रवीण म्हणाला, "काय झालं बे?" इ. म्हणाला, काही नाही. सरांनाही म्हणाला, काही नाही. काही नाही हे किती जणांना सांगणार हा

दोनदा जवळ गेलो. दोनदा परत फिरलो. चाचांना दिलेला शब्द मोडला तर मी कोण? नाही मोडला तर कोण?

९ ऑक्टोबर, गुरुवार

दुपारी इ. दुकानात आला. पहिल्यांदाच. मालक काउंटरवर. इ. मला बाजूला घेऊन हळू बोलला.

"तुमच्या दुकानाचं काम अब्बा करतात ना. तू त्यांना सांग, शनिवारी तुमच्याकडे स्पीकर फिटिंगला माणूस पाहिजे, इम्रानला पाठवा. तुझं ऐकतील. तुला फार मानतात."

तोंडात शब्द आले होते: त्यांना माहीत आहे. ओठांपर्यंत आले. म्हणालो, "तूच बोल त्यांच्याशी."

"बोलायचं असतं तर तुझ्याकडे आलो असतो का?"

"एकच वाक्य आहे, इम्रान. मॅच आहे म्हण."

"आणि मग ते विचारतील, दोन वर्षं काय म्हणत होतास. त्याचं वाक्य तू सांग मला."

म्हणालो, खोटं मी सांगणार नाही. तो मग म्हणाला, "तुला काय. तू फक्त बघतोस." आणि गेला.

मालक म्हणाले, "आपली मीटिंग संपली असेल तर गिऱ्हाईक मघापासून उभं आहे. त्यांनाही आपल्याला भेटायचंय."

१० ऑक्टोबर, शुक्रवार

फक्त बघतोस. दिवसभर तेच. वायर कापताना, सोल्डर करताना. एका गिऱ्हाइकाला दोन्ही डावे स्पीकर दिले असं मालक म्हणाले. स्पीकर डावे-उजवे नसतात, ते मला चिडवत होते हे संध्याकाळी कळलं.

खरं तर बघणं हेही काहीतरी असतं असं मला वाटायचं. कोणी बघत नसेल तर ती पोरं कोणासाठी

नाही. ती त्यांच्यासाठीच खेळतात. हे मला माहीत आहे.

शुक्रवार, चाचांचं दुकान बंद. नाहीतर आज गेलो असतो. जाऊन काय बोललो असतो, तेही ठरवलं होतं. बरं झालं बंद होतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

आपण जिंकलो. ६१–५८. हे आधी लिहितो, बाकीचं नंतर.

काल मालकांकडे दुपारची सुटी मागितली. "अंत्ययात्रेला जाताय का, चेहरा तसा आहे," म्हणाले, पण दिली. चारला पोचलो. टीम वॉर्मअप करत होती. इ. नाही. सर गेटकडे बघत, केतन सरांकडे बघत. निवडणारे दोघं, खुर्च्यांवर. सुरू झालं. इ.च्या जागी खेळणाऱ्या मुलाने तीनदा चेंडू गमावला. प्रवीण रिंगखाली हात वर करून उभा, चेंडू येतच नव्हता. हाफटाइमला बारा गुणांनी मागे.

तेव्हा गेटबाहेर टेम्पो थांबला. मागे सोफे, प्लॅस्टिक गुंडाळून दोरीने बांधलेले. शेजारच्या सीटवरून इ. उतरला, शर्टच्या आत जर्सी. मुन्ना खाली उतरून बोनेटला टेकून उभा राहिला.

सरांनी तिसरा क्वार्टर सुरू झाल्यावरही त्याला बसवून ठेवलं, शिक्षा म्हणून. मी जाळीला धरून उभा. मग उठवलं.

पुढचं मला क्रमाने आठवत नाही, जे माझ्या बाबतीत कधी होत नाही. इ. न बघता पास टाकत होता आणि प्रवीण तिथे असायचा. एकदा प्रवीणने समोरच्याला पाडलं आणि काही विचारलं नाही, नुसता धावत परत आला. सरांनी टाळी वाजवली. शेवटची बास्केट केतनची, पास इ.चा. निवडणाऱ्यांपैकी एक जण हाफटाइमला चहाला उठले होते. ते परत केव्हा आले, मला दिसलं नाही. विचारणार कोणाला?

पोरं प्रवीणला उचलत होती. इ. थांबला नाही. जर्सीतच टेम्पोकडे. मी धावत गेलो.

"सांगितलंस?"

मुन्नाने गाडी सुरू केली होती. इ. माझ्याकडे न बघता म्हणाला, "स्कोअर बघितलास ना?" टेम्पो साताऱ्याकडे गेला. अब्बांनी परवानगी दिली, की मुन्नाला पटवून वाटेत थांबवला? दोन्ही बाजूंनी विचार करतोय. ताई म्हणते, जिंकलात ना, मग तोंड का पाडून बसलास. भाऊजी म्हणाले, जिंकलात नाही, जिंकले.

१३ ऑक्टोबर, सोमवार

दुकानात नवीन खोकी आली होती. मालकांनी सांगायच्या आधीच मी म्हटलं, रेक्झिन आणतो.

चाचा पुढे एकटेच बसले होते, खुर्चीच्या पाठीला कापड ताणत. आतून शिलाई मशीनचा आवाज येत होता. पडदा होता, पण पायडलवर कोणाचा पाय आहे ते खालून दिसत होतं. ते बूट मी दोन सीझन बघतोय.

चाचा म्हणाले, "सोफे पोचले. साताऱ्याहून फोन आला होता. दुपारचा माल अंधार पडल्यावर पोचला. मी मुन्नाला विचारलं नाही." एक खिळा ठोकला. दुसरा ठोकला. "इम्रानलाही विचारलं नाही."

म्हणजे त्याने सांगितलेलं नाही. की सांगितलं, आणि चाचा मला सांगत नाहीत? त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. रेक्झिनचा गुंडाळा माझ्या हातात दिला, पण सोडला नाही. एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. आवाज अगदी खाली आणून विचारलं, "बेटा, जिंकले का?"

एकसष्ट अठ्ठावन्न. बारा गुणांनी मागे होते चाचा, आणि मग तुमच्या मुलाने. सगळं तोंडाशी आलं. असं कोणी मला आजवर विचारलं नव्हतं. घरी नाही, दुकानात नाही.

मी म्हणालो, "ते इम्रानला विचारा." जरा मोठ्यानेच म्हणालो.

आतलं मशीन थांबलं.

चाचांनी गुंडाळा सोडला. मी बाहेर आलो, सायकलच्या कॅरियरला तो बांधला, गाठ नीट बसेना म्हणून पुन्हा बांधला. आत कोणी काही बोलत होतं की नाही, रस्त्यावरून ऐकू येत नव्हतं. कोपऱ्यापर्यंत सायकल हातात धरून चालत गेलो. मशीन पुन्हा सुरू झालं नव्हतं.