न झालेली टकटक

सोमवार, ९ फेब्रुवारी
सकाळी, कामावर निघण्याआधी

प्रिय बारक्या,

सप्रेम सलाम. तू बरा असशील. मीही बरी आहे, गुडघा सोडला तर. छापखान्यात दोन नवे संगणक आलेत आणि मालक त्यांच्याकडे नव्या सुनेकडे बघावं तसं कौतुकाने बघत बसतात. प्रुफं मात्र अजून मीच तपासते. यंत्राला चुका दिसतात, गळलेलं दिसत नाही. स्वयंपाकघरातला नळही अजून गळतोच. तू दुरुस्त करतो म्हणाला होतास, त्याला सात वर्षं झाली.

तुला वाटेल, वर्षभर तोंड न उघडलेली ताई आज नळाचं पुराण का सांगतेय. येते मुद्द्यावर. तीन कागद फाडून झालेत.

पुढच्या महिन्यात बाबांना जाऊन वर्ष होईल. त्या रविवारी चर्चमध्ये उपासनेनंतर त्यांच्या स्मरणाची प्रार्थना आहे. त्यासाठी काल पाळक घरी आले होते.

सकाळचं बायबलचं वाचन मी सोडलेलं नाही. तेच टेबल, समोर बाबांची खुर्ची. छापखान्यातली पद्धत त्यांनी घरात आणली होती, आठवतं ना? तिथे मी मूळ प्रत मोठ्याने वाचायचे, ते प्रुफावर नजर ठेवून ऐकायचे आणि मजकूर जुळला की पेन्सिलीने टेबलावर दोनदा टकटक करायचे. म्हणजे, चल पुढे. टकटक झाली नाही की समजायचं काहीतरी गळलंय, मागे जा. घरीही तसंच. चहाच्या आधी शास्त्र, रोज तीन-चार अध्याय, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, आणि वाचलेल्या पानाच्या समासात बारीकशी खूण. नावांच्या लांबलचक याद्या आल्या की तू हसू दाबत दोन-चार नावं गिळून टाकायचास. बाबा पेन्सिल हलवायचे नाहीत. "माणसं आहेत ती, गाळायची नाहीत," म्हणायचे. मग पुन्हा पहिल्यापासून, आणि शाळेला उशीर.

आई गेली त्या सकाळीही वाचन झालं. मला तेव्हा बाबांचा राग आला होता. पण खरं सांगते, तो दिवस मी त्या चार पानांना धरूनच काढला. नंतरचेही कितीतरी.

तू आला नव्हतास. "यातलं अक्षरही मला पटत नाही," म्हणत पुस्तक टेबलावर आपटून घर सोडून गेलास, ते ठीक. पण सहा महिन्यांनी आई अंथरुणावर पडून तुझं नाव घेत होती, मी दोनदा फोन केला, आणि तू आला नाहीस. ते मला गिळता आलं नाही.

पुढे काचबिंदूने बाबांचे डोळे गेले. मग वाचणारी मी आणि खूण करणारीही मीच.

घर सोडून गेलेला धाकटा मुलगा परत येतो ती गोष्ट तुला माहीत आहे. बाप त्याला लांबूनच ओळखतो आणि धावत सुटतो. तू गेल्यानंतर पुस्तकाच्या पहिल्या फेरीत ते पान आलं तेव्हा माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी पान उलटलं आणि पुढचं वाचायला लागले. टकटक झाली नाही. बाबांची पेन्सिल तशीच हवेत. मी वाचत राहिले. शेवटी त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, "चहा टाक."

पाच फेऱ्या झाल्या, पाचही वेळा हेच. त्या पानाच्या समासात मात्र खूण करायला हात धजला नाही, इतकी मी प्रुफवाली आहे. ज्यांना अख्खं पुस्तक पाठ होतं त्यांना मी फसवत होते, आणि ते मला फसवू देत होते.

बाबा होते तोवर या गोष्टीची भीती वाटली नाही. आता वाटते. मागच्या आठवड्यात पुन्हा ते पान आलं. वाचायला तोंड उघडलं आणि समोर कुणीतरी श्वास धरून बसलंय असं वाटलं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी मी उठले आणि खुर्ची भिंतीला लावून ठेवली. दुसऱ्या सकाळी ती टेबलाशी होती. झोपेच्या तारेत मीच ओढली असेन. तीन दिवस हेच चाललंय. छापखान्यातही मध्येच थांबते, टकटक ऐकू आली नाही म्हणून. मालक विचारतात, काय झालं?

काय सांगू त्यांना? अजून एक गळलंय, बारक्या. चार वर्षांपूर्वी बाबांच्या नावाने तुझं पत्र आलं होतं. घरात येणारा प्रत्येक कागद मी त्यांना वाचून दाखवायचे, विजेच्या बिलापर्यंत. तुझं पत्र नाही दाखवलं. शिवणाच्या डब्यात तळाशी ठेवलं. त्यात तू एवढंच विचारलं होतंस, येऊ का. उत्तर गेलं नाही, आणि तेच तू बाबांचं उत्तर समजलास.

दफनभूमीच्या फाटकाशी तू आत न येता उभा होतास. मला विचारलंस, "ताई, बाबा माझ्याबद्दल काही म्हणाले?" मी म्हणाले, नाही.

खोटं बोलले. रोजच्या प्रार्थनेत पहिलं नाव तुझं असायचं, माझं नंतर. शेवटच्या सकाळी म्हणाले, "आज ते राहिलेलं वाच." मी विचारलं, कुठलं? "तुला माहीत आहे." मी म्हणाले, उद्या वाचते. त्या दुपारीच ते गेले.

आता पाळक काय म्हणाले ते सांगते. बाबांनी जाण्याच्या वर्षभर आधीच त्यांना सांगून ठेवलं होतं. स्मरणाच्या प्रार्थनेला तेच पान वाचायचं. वाचणार मी, आणि समोर पेन्सिल घेऊन बसणार तू. पाळकांनी विचारलं, तो आला नाही तर? बाबा म्हणाले, "माझी मुलगी बोलावेल. गळलेलं ती भरून काढते. जरा वेळ लावते, इतकंच."

त्या गोष्टीत थोरलं भावंडही आहे. धाकटा आला म्हणून रुसून घराबाहेर उभं. बाप त्याचीही समजूत घालायला बाहेर येतो. ते भावंड आत गेलं की नाही, हे लिहिलेलं नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, मी ते पान तुझ्यामुळे उलटते.

तुझं पत्र आणि बाबांची पेन्सिल सोबत पाठवतेय. माफी कुठल्या तोंडाने मागू? येऊ का विचारलं होतंस. ये. मी त्या पानाशी थांबेन आणि तू टकटक केल्याशिवाय पुढची ओळ वाचणार नाही. मग सगळी मंडळी ताटकळली तरी चालेल.

अजून घराबाहेरच उभी असलेली,
तुझी ताई