उजवीकडे वळणाऱ्या गाड्या

रविवार, २३ मे २०२१

अबब! काय बघितलं मी आज!

नवऱ्याने, हेमचंद्रने, टीव्हीवर टेक्सासची स्टॉक कार शर्यत लावली होती. एरवी या अवजड गाड्या लंबगोल ‘ओव्हल’ ट्रॅकवर डावीकडेच वळत राहतात आणि मी बघता बघता भाजी निवडते. आज नागमोडी ट्रॅक — डावं, उजवं, चढ, उतार — आणि वर धो धो पाऊस! पुढच्या गाडीने उडवलेल्या पाण्यात मागची गाडी गायब. काचेवर वायपर नुसता फडफडतोय. हेमचंद्र म्हणाला, त्यांना काही म्हणजे काही दिसत नसणार. तरी जातायत! जन्म डावीकडे वळण्यात गेला, आणि आता पावसात उजवीकडे वळतायत. शेवटी शर्यत वेळेआधीच थांबवली. घेवडा तसाच राहिला.

सोमवार, २४ मे

शेजारची प्रणिता आली. अंतर राखून अंगणात बसलो. तिला नववा लागलाय. नवरा, लोकेश, आईच्या दुखण्यासाठी नागपूरला गेला आणि विमानं बंद झाली — तो तिकडे, गाडी इकडे दारात. इथली डच सुईण सायकलवरून घरी येते खरी, पण प्रणिताचा रक्तदाब वाढलाय, म्हणून बाळंतपण हॉस्पिटलातच. कोरोनात टॅक्सीत बसायची तिला धास्ती.

"ताई, तुम्ही न्याल ना मला?"

हो म्हणून बसले!

माझं डच लायसन्स म्हणजे फुकटची पाटीलकी. भारतातलं दिलं, गेमेंटेने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, हे हातावर ठेवलं. परीक्षा नाही, काही नाही. या देशात स्टिअरिंगला हात लावलेला नाही. हेमचंद्रला तर फक्त सायकल येते. रडू येतंय.

मंगळवार, २५ मे

लोकेशची गाडी काढली. आधी चुकीच्या दाराने बसायला गेले, स्टिअरिंग इथे डावीकडे. मग वळताना इंडिकेटर द्यायला गेले — वायपर सुरू! इथे दोन्ही दांडे उलट्या बाजूंना. सवयीने उजवा हात जातो आणि दर वळणाला वायपर. लख्ख ऊन, कोरड्या काचेवर कर्रकर्र. मागची गाडी अगदी अंगावर आली, तिला कळणार तरी कसं मी वळतेय ते!

गोलचौकही उलटा, डावीकडे वळत राहायचं. बाहेर पडायचा धीरच होईना, नुसती फिरत राहिले. हेमचंद्र शेजारी सीटबेल्ट घट्ट धरून. म्हणाला, "पुरे झालं ओव्हल. आता रस्त्यावर ये."

मी हसले नाही.

बुधवार, २६ मे

पुन्हा वायपर. तीनदा. प्रणिताला सांगायला हवं, दुसरं कोणीतरी बघ. उद्या सांगते.

रविवारची शर्यत पुन्हा लावली. फक्त आतला कॅमेरा बघितला, त्या माणसाचे हात. समोर पांढरंफटक, आणि हात वळतायत! घाबरत नसेल? घाबरतच असणार. घाबरत घाबरतच वळत होता. किती वेळ बघत बसले कोण जाणे.

गुरुवार, २७ मे

सांगायला गेले तर तिला कळा सुरू झालेल्या. बाहेर मुसळधार. वायपर निघतानाच लावले — उजव्या हाताचं काम आधीच झालं होतं, इंडिकेटर डाव्याला आपोआप सापडला. प्रणिता मागे, माझ्या सीटची पाठ मुठीत धरून.

हॉस्पिटलचं शेवटचं वळण उजवीकडे होतं.

मुलगी झाली.