शेंदूर लावलेला दात

सर, आज तापीच्या काठावर हत्तीचा दात सापडला. तुम्ही सांगायचात त्याच थरात, पिवळ्या मातीखालच्या गोट्यांत. आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं, म्हणून लिहायला बसले.

शिरपूरकडची ती उंच दरड आठवते? धुळ्याहून एस.टी.नं न्यायचात आम्हाला. वर काळी माती, खाली पिवळी, तळाशी गोटे; सगळं नदीनंच आणून टाकलेलं, समुद्राचा इथे काही संबंध नाही, हे तुम्ही दर वेळी नव्या उत्साहानं सांगायचात. पात्रात वाहून आलेलं हाड मात्र हातातही घ्यायचा नाहीत. ते कुठल्या थरातलं हे कसं कळणार? तुम्हाला हाड दरडीत रुतलेलंच हवं होतं. हजारो वर्षांपूर्वी या काठावर हत्ती होते, हे तुमचं ठाम म्हणणं; अख्खं कॉलेज तुम्हाला हत्तीवाले सर म्हणायचं.

आणि एका पावसाळ्यानंतर ते दिसलं. गोट्यांच्या थरात पक्का बसलेला दात, पण शेंदरानं माखलेला, पुढे नारळ. एका कडेला तेवढ्या, हत्तीच्या दाढेला असतात तशा, आडव्या धारा उघड्या होत्या. मी छिन्नी काढतेय तोच वरच्या शेतातून एक म्हातारी लगबगीनं खाली आली.

"हाऊ आमना देव शे, भाऊ. याले हात लावू नका."

"नही लावत, अक्का," तुम्ही म्हणालात. मापं घेतलीत, एक फोटो काढलात, चपला काढून नमस्कार केलात आणि निघालात. एस.टी.त मी धुसफुसत होते. "सर, दात आहे तो!" तर तुम्ही शांतपणे म्हणालात, "असू दे. आपल्याआधी ती आली होती ना."

पुढच्या पुरात दरड कोसळली, दात गेला. परिषदेत तुमचा फोटो हातोहात फिरला. शेंदरामुळे त्यात नुसता गोळा दिसत होता. लोक हसले. तुम्हीही हसलात आणि चहा प्यायलात. मला मात्र रडू आवरेना. शेवटपर्यंत तुमचं कुणी खरं मानलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

आजच्या दाताला शेंदूर नव्हता, अडवायलाही कुणी नव्हतं. माझ्या विद्यार्थ्यांनी थर मोजला, फोटो काढले. आता मानावंच लागेल, सर.

पण एक सांगते. छिन्नी लावण्याआधी मी चपला काढल्या आणि वाकले. पोरांना वाटलं, बाई थर बघतायत. मी त्यांना तसंच वाटू दिलं.