चौदा नंबरच्या गॅलरीतली तारीख

बोरडोह खाण, जि. चांदा
५ मार्च १९५८

प्रिय मनकर्णा,

तुझं कार्ड सोमवारी मिळालं. बाळी दूध नीट पिते आणि कपाळाला आठ्या घालून सगळ्यांकडे पाहते, हे वाचून बरं वाटलं. आठ्या माझ्याकडून गेल्या असतील. सव्वा महिना भरत आला तरी इतक्यात विहिरीवर जाऊ नकोस. तुझी आई असती तर तुला कुरखेड्याला मावशीच्या दारी बाळंतपणाला पाठवावं लागलं नसतं, पण रुखमाबाईने आईच्या वरताण केलं, हे तिला माझ्या नावाने सांग.

कार्डाच्या शेवटी तू विचारलं आहेस, 'ते तिथी काऊन गेले, बाबा? मनाई असलेल्या जागी जाताना त्याईले घरची आठवण नाई आली का?' वारलू जाऊन आज अठरा दिवस झाले. तू रडत नाहीस, नुसती धुसफुसत असतेस, त्याचं नाव काढलं की उठून जातेस, असं पोचू सांगत होता. पोचू म्हणजे आमच्याकडचा कोळसा भरणारा, तुमच्याच बाजूचा. हे पत्र तोच आणून देईल. टपालात टाकायचा मला धीर झाला नाही. का, ते पुढे कळेल.

माझं काम तू लहानपणापासून पाहिलंस, पण खाली कधी उतरली नाहीस, म्हणून थोडं सांगतो. पाळीची माणसं उतरण्याआधी सरदाराने जाळीची बत्ती घेऊन प्रत्येक गॅलरीत, म्हणजे कोळसा काढायच्या बोगद्यात, जायचं. वात बारीक करून बत्ती हळूहळू छताकडे न्यायची. ज्योतीवर निळी टोपी चढली की समजायचं, गॅस आहे. मग त्या जागी आडवं लाकूड ठोकायचं, कोणी आत जायचं नाही. टोपी नसली तर भिंतीवर खडूने त्या दिवसाची तारीख घालून खाली सही करायची आणि वर येऊन वहीत लिहायचं. गेल्या साली नवे नियम आले तेव्हापासून या तारखेला फारच मान आला. साहेब लोक तपासणीला येतात ते आधी भिंतच पाहतात.

आपल्या माणसांपैकी बहुतेकांना अक्षर येत नाही. ते नुसता खडू पाहून आत जात. कालचा की परवाचा, कोण पाहतो? एकटा वारलू तारीख वाचायचा. लग्नानंतर तू त्याला क्वार्टरच्या ओट्यावर पाटी घेऊन अंक शिकवलेस ना, तेव्हा मी चेष्टा केली होती की जावई आता माझी परीक्षा घेणार. तो खरंच घ्यायचा. गॅलरीच्या तोंडाशी उभा राहून मोठ्याने तारीख वाचायचा आणि मागच्यांना म्हणायचा, 'आजचीच हाये, चला.' त्याच्यामागून जाणाऱ्यांचा त्याच्यावर भरवसा होता, आणि त्याचा माझ्यावर.

बारा फेब्रुवारीला तपासणीचे साहेब येणार होते. दुसरा सरदार कोलू मंडईच्या जत्रेसाठी गावी गेलेला. बावीस गॅलऱ्या आणि मी एकटा. अकराच्या दुपारी मॅनेजरने बोलावून म्हटलं, 'सरदार, उद्या गडबड होईल. उद्याची तारीख आजच मारून ठेवा. सकाळी नुसता एक चक्कर टाका.' मी नाही म्हणायला हवं होतं. मी जी म्हटलं. खरं सांगायचं तर हे पहिल्यांदा नव्हतं, मनकर्णा. साहेब यायचे असले की आम्ही असंच करत आलो. सकाळी फिरताना कुठे टोपी दिसली तर तारीख पुसून लाकूड ठोकायचं, हा आमचा हिशोब होता आणि चार वर्षं तो कुठे चुकला नव्हता.

त्या सकाळी मी तेरा गॅलऱ्या पाहिल्या. तेवढ्यात वरून निरोप आला की साहेबांची जीप घुग्घुसला पोचली, वही घेऊन ताबडतोब ऑफिसात या. मला वाटलं, पाळी उतरायला अजून अर्धा तास आहे, तोवर परत येईन. मी वर गेलो. साहेबांना रूळ स्वच्छ दिसावेत म्हणून पाळीच्या आधीच झाडायला माणसं सोडली होती, हे मला कोणी सांगितलं नाही. हवा खेळवणारा आतला पंखा पहाटेपासून बंद होता, हेही नाही. वारलू कपाळावरचा कार्बाइडचा उघडा दिवा पेटता ठेवून चौदाच्या तोंडाशी आला. मागे झिंगू होता, तो वाचला. त्यानेच मला सांगितलं की वारलूने नेहमीसारखी तारीख वाचली आणि म्हणाला, 'आजचीच हाये.'

आता तुला कळलं असेल तो तिथे का गेला. मनाई नव्हतीच. भिंतीवर त्या दिवसाची तारीख होती, खाली तुझ्या बापाची सही होती.

गॅसच्या भडक्यात भाजलेल्या वारलूला आम्ही वर आणलं. मॅनेजर खाणीच्या तोंडाशीच उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि इतकंच म्हटलं, 'एकदा आत जाऊन या, सरदार.' मी गेलो आणि खांद्यावरच्या दुपट्ट्याने चौदाची तारीख पुसली. वर येऊन वहीत लिहिलं की चौदा तपासायची बाकी होती. तेवढं खरंच होतं.

चांद्याच्या दवाखान्यात तो तीन दिवस होता. बोलायला त्रास व्हायचा, तरी शुद्धीवर होता. दुसऱ्या दिवशी साहेब खाटेजवळ खुर्ची घेऊन बसले. चांगला माणूस आहे, हळू विचारत होते. मी पायथ्याशी उभा. वारलूने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, 'भितीवर काई नोतं सायेब. मी आपल्याच मनानं गेलो.' साहेबांनी मला विचारलं, हे खरं का? मी म्हटलं, जी. ते गेल्यावर तो मला म्हणाला, 'मामाजी, तुमी बोलू नोका. तुमाले नेलं त मनकर्णाले कोन पाहील?' आणि हे तुला कधी सांगणार नाही, अशी माझ्याकडून शपथ घेतली.

ती शपथ मी आज मोडतो आहे. तू त्याचा राग करत बसलीस, उद्या बाळीला सांगशील की तुझा बाप आडदांड होता, हे मला सहन होत नाही. त्याला तुमची आठवण नव्हती असं म्हणू नकोस. शेवटपर्यंत त्याला दुसरं काही सुचलंच नाही.

तीनदा मी साहेबांना सांगायला निघालो. एकदा तर कचेरीच्या पायरीपर्यंत पोचलो. आतून मॅनेजर बाहेर आला, माझी विचारपूस केली, चहा पाजला आणि मी परत आलो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फक्त तोंडावरचा हात माझाच आहे. जेलची भीती वाटते, तुम्हा दोघींचं काय होईल याची वाटते. त्याहून जास्त मॅनेजरच्या नुसत्या समोर येण्याचीच वाटते. वीस वर्षं मी गॅस पाहत आलो आणि मला एका माणसाची भीती वाटते, हे कोणाला सांगू?

गुरुवारी, वीस तारखेला, चांद्याला डाकबंगल्यावर साहेब शेवटची चौकशी घेणार आहेत. मेलेल्याच्या घरचं कोणी यायचं असेल तर यावं, असं त्यांनी कळवलं आहे. मी तिथे असेनच. मला विचारतील आणि मी पुन्हा तेच सांगीन, हे मला ठाऊक आहे. वहीत एकदा, खाटेपाशी एकदा, असं दोनदा सांगून झालं आहे. बोलणं माझ्याकडून होत नाही, म्हणून हे सगळं लिहिलं, खाली पूर्ण नावाने सही केली. मावशीला वाचून दाखवायचं तर दाखव, चुलीत घालायचं तर घाल, मी कधी विचारणार नाही. जे मी करायला हवं ते ओल्या बाळंतिणीच्या गळ्यात घालतो आहे, याची मला लाज वाटते. पण तू बाळीला घेऊन आलीस आणि हा कागद साहेबांच्या हातात दिलास, तर ते मला फार काही विचारणार नाहीत. अक्षर तुझंच का, एवढंच विचारतील. तेवढं 'हो' माझ्या तोंडून निघेल, असं वाटतं.

तुझाच बाबा,
लटारू इसरू मडावी
मायनिंग सरदार, बोरडोह खाण