ड्रायव्हरच्या मागची जागा

उधवा, ता. तलासरी
२९ सप्टेंबर २०२४

चि. नविन यास,

आई रखमीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. फोन पाड्यातल्या काकड्याला परत दिला. कानाला लावला की नुसती घरघर ऐकू येते. ऐकू येत नाही म्हटलं की तू ओरडतोस, मग सगळ्या पाड्याला ऐकू जातं आणि मी तशीच. चौथीपर्यंतची अक्षरं अजून शाबूत आहेत. काकड्याचा भाजीचा टेम्पो रोज डहाणूला येतो, पत्रं त्याच्या हाती देत जाऊ.

तुझ्या धाकलीला बघून आले तेव्हापासून ते प्लास्टर डोळ्यांपुढून हलत नाही. कमरेपासून घोट्यापर्यंत, पाय फाकवलेले, बेडूक उलथा पडावा तशी पोर. खुबा जागेवर बसवलाय ना, मग पडू दे उलथी. तुझी जयश्री सांगत होती, डॉक्टरने विचारलं की घरात कोणाला असं आहे का, तर तू नाही म्हणालास. मग माझा पाय काय लग्नात नाचून असा झाला? मला कोणी दाखवलं नाही, मी लंगडत म्हातारी झाले. तिला दाखवलंय तर शेवटापर्यंत नीट ने.

प्लास्टर बदलायला मुंबईला न्यायचं ते आडवं निजवून, पाय जराही न दाबता. म्हणून तू गाडी घेतोस ते बरोबर आहे. पण रंग आणि गाणी नंतर बघ. ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून मागच्या सीटवर निजणार. एक पाय सीटच्या पाठीला, दुसरा सीटबाहेर, बरोबर तुझ्या पाठीमागे. तेवढी जागा हवी. तिथे आले होते तेव्हा मी मापून घेतलंय. त्या मापाची बांबूची काठी सोबत पाठवते. एक टोक मागच्या सीटच्या पाठीला टेकव, दुसरं पुढच्या सीटला लागता कामा नये. मापताना तू पुढे बस, काठी जयश्रीला धरू दे.

पितर संपेपर्यंत घेऊ नकोस. आणि एकटा जाऊ नकोस, तुला कोणीही काहीही विकतो.

पाय ओढत का होईना, वेळेवर पोचणारी
तुझी आई


डहाणू रोड
१३ ऑक्टोबर २०२४

ती. आईस,

नविनचा सा. नमस्कार. वि. वि. काल दसऱ्याला गाडी घेतली! वापीला जुन्या गाड्यांच्या शेठकडे मिळाली. पांढरी आहे, काचा वर-खाली करायला बटणं आहेत. जयश्रीला येता आलं नाही, धाकलीला कोणाकडे ठेवणार? म्हणून आमच्या फुग्याच्या कंपनीतल्या अमृतला नेलं.

तुझी काठी घेऊन गेलो. शेठ हसला, पण त्यानेच पुढची सीट पूर्ण पुढे ओढून दाखवली. काठी आरामात बसली, वर चार बोटं जागा उरली. खरं सांगतो, सीट तेवढी पुढे असली की माझे गुडघे स्टिअरिंगला लागतात. पण मुंबईपर्यंत सोसेन. गल्लीतल्यांनी नारळ फोडला, जयश्रीने ओवाळलं. धाकलीला मागे निजवून स्टेशनपर्यंत फिरवलं, तर पोर हसत होती. २१ तारखेला, सोमवारी, प्लास्टर बदलायला जातोय.

तुझ्या शिव्यांची वाट बघणारा
नविन


उधवा
१६ ऑक्टोबर २०२४

चि. नविन यास,

अ. आ. वि. वि. शिव्या मागितल्यास, घे. काठी कोणत्या गाडीत बसली? पुढे कोणीच बसलं नव्हतं त्या गाडीत. तू बापावर गेलास, ताडाएवढा. गुडघे स्टिअरिंगला लावून मनोरच्या पुढे तू जाणार नाहीस. तू चार घास उशिरा मिळाले तर सोसत नाहीस.

आता घेतलीस तर घेतलीस, परत देऊ नकोस. पण सोमवारी गाडी काकड्याला चालवू दे. तो बुटका आहे, त्याला सीट पुढेच लागते. मी विचारलंय, तो टेम्पो भावाला देऊन यायला तयार आहे. नवी गाडी बापानेच चालवलेली गल्लीला दिसायला हवी असेल, तर पोर घरी ठेव आणि पोटभर चालव.

काळजी करत नाही, सांगून ठेवते.
आई


डहाणू रोड
२४ ऑक्टोबर २०२४

ती. आईस,

सा. नमस्कार. काकड्याला मी नको म्हटलं. तो दारात येऊन उभा होता, मी म्हटलं, माझी गाडी आहे, माझी पोर आहे.

चारोटीपर्यंत ठीक होतं. मग मांड्या भरून आल्या. मनोरला पेट्रोल भरलं तेव्हा जयश्री धाकलीची बाटली धुवायला उतरली होती. मी सीटखालची दांडी ओढली आणि सीट दोन खटके मागे घेतली. मागे वळून बघितलं नाही. ती रडायला लागली. जयश्रीने दूध पाजलं, अंगाई म्हटली. वसईपर्यंत रडली, मग गप्प झाली. आम्हाला वाटलं, झोपली.

प्लास्टरला जांघेत तडा गेलाय. फोटो काढला तर खुबा पुन्हा निसटलेला. डॉक्टर म्हणाले, गाडीत झालं असेल, आधीही झालं असेल, सांगता येत नाही. आता उघडून ऑपरेशन करावं लागेल, पुढच्या आठवड्यात. पाय आखूड राहू शकतो.

जयश्रीला वाटतंय, लंगोट बदलताना तिनेच पाय जास्त उचलला. ती जेवत नाही, तेच तेच बोलत बसते. पोरीच्या पायांवर गोधडी होती, तिला सीटचं माहीत नाही. हॉस्पिटलच्या फाटकात ती पोरीला घेऊन उतरली, तेव्हा मी सीट परत पुढे घेतली होती.

आई, मी काय करू?
नविन


उधवा
२६ ऑक्टोबर २०२४

नविन,

आशीर्वाद लिहीत नाही.

काकड्याला नको म्हणालास, तो तुझा माज. सीट मागे घेतलीस, ते तुझे पाय. तेवढ्यावर मी तुला चार शिव्या घालून गप्प बसले असते, कारण पोर तुझीही आहे आणि हे तुझ्या छातीवर तसंही बसणार आहे. पण सीट परत पुढे घेतलीस ती डोकं ठिकाणावर ठेवून. फाटकात तुझी बायको पोरगी छातीशी धरून उतरत होती, आणि तू दांडी ओढत होतास.

डॉक्टरला सांगता येत नाही म्हणून तू सुटत नाहीस. त्याला येत नसेल. तुला तरी दांडी ओढलेली सांगता येते ना?

ऑपरेशनच्या आधी जयश्रीला सांग. ती तुला मारेल तर मार खा. माहेरी जाते म्हणाली तर पिशवी तू भर. सांगितलं नाहीस तर मी येते, आणि माझा आवाज किती लांब जातो ते तुला माहीत आहे. माझ्याकडे माफी मागू नकोस, ती माझ्याकडे नाही.

पोरीला माझे आशीर्वाद. तुझे सांगून झाल्यावर.
रखमी


डहाणू रोड
२ फेब्रुवारी २०२५

ती. आईस,

जयश्रीचा सा. नमस्कार. वि. वि. त्यांनी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सांगितलं. मी अजून त्यांच्याशी कामापुरतंच बोलते. तुमचं पत्र त्यांनी स्वतःच माझ्या हातात दिलं, म्हणून तुम्हाला लिहायला धजावते.

प्लास्टर निघालं. धाकली पलंग धरून उभी राहते. डॉक्टर म्हणाले चालेल, पण उजवा पाय आखूड राहील, लंगडणं जाणार नाही.

मी रडायला लिहीत नाही, विचारायला लिहिते. तुम्ही पाणी कसं आणायचात? उतारावर काय करायचात? शाळेत मुलं काय म्हणायची? तुमच्याकडे इतकी वर्षं राहून गेले, कधी विचारलं नाही. आणि ती गाडी विकून टाकावीशी वाटते. बाजाराला जाताना मी तिला वळसा घालून जाते.

मला आपली म्हणत राहा.
जयश्री


उधवा
९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. जयश्रीस,

रखमीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तू विचारलंस ते बरं केलंस. आजवर लोक माझा पाय बघतात आणि विचारतात भातपिकाचं.

पाणी असं. बाकीच्या दोन हंडे आणायच्या, मी एक आणायची आणि दोनदा जायची. वेळ लागायचा, पाणी तेवढंच यायचं. चढताना आधी चांगला पाय टाकायचा, उतरताना आधी वाईट. हे मला कोणी शिकवलं नाही, पडून पडून कळलं. तिला पडायच्या आधी सांग. तरी पडेलच. तू धावू नकोस, बघत राहा.

शाळेत लंगडी म्हणायचे. मी वर्गातल्या भिकीचं नाक फोडलं, मग रखमी म्हणायला लागले. शाळा सुटली ती पायामुळे नाही, घरात गुरं राखायला कोणी नव्हतं म्हणून. धाकलीची सुटता कामा नये.

खोटं सांगत नाही. थंडीत दुखेल. बघायला येतील ते चहा पिऊन झाल्यावर जरा चालून दाखव म्हणतील. मला म्हणाले होते. मी चालून दाखवलं, आणि नंतर त्यांनाही चालून दाखवा म्हटलं. नविनचा बाप त्यातलाच, तो उठून चालला. म्हणून हो म्हटलं.

तू लंगोट बदललास त्याने काही झालेलं नाही. हे पुन्हा लिहायला लावू नकोस.

गाडी विकायची नाही. मला न्यायला पाठव, चार महिने तुझ्याकडे राहायला येते. माझा पाय वाकत नाही म्हणून जीपवाले मला बघून न बघितल्यासारखं करतात. मागची सीट आम्हा दोघींची. धाकली खिडकीशी, मी ड्रायव्हरच्या मागे, पाय सरळ सोडून.

गाडी नविननेच चालवायची. काकड्या नको. ती काठी घरात असेल तर मागच्या सीटची पाठ आणि त्याची सीट यांच्यामध्ये टेकवून ठेव, म्हणजे सीट मागे सरकणार नाही, आणि उधव्यापासून डहाणूपर्यंत त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागू देत.

तू माझीच आहेस, ते काय म्हणत राहायचं?
रखमी